पोटाखालची झोळी

मायबहिणींनो, आणि दादांनो, तुम्हीसुद्धा बसा. उठून जाऊ नका.

आमच्या थोरल्या वहिनी कीर्तनाला येत, पण दाराशीच बसत. का, ते आम्हांला फार उशिरा कळले. खोकला आला, शिंक आली, की लघवीचे थेंब गळत. पहिल्या बाळंतपणापासूनचे दुखणे. लाजेपायी कुणाला बोलल्या नाहीत.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय तिच्याच आधारावर असतात. गरोदरपणी भार वाढतो, झोळी ताणते. बाळंतपणात आणखी ताणते. सैल पडली की लघवी आवरत नाही. कुणाचे अंग बाहेर येते.

केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली यावर व्यायाम सांगितला. पैसा लागत नाही. आधी लघवीला जाऊन या. बसा, नाहीतर कुशीवर निजा. लघवी आणि वारा दोन्ही अडवायचे आहेत, असे समजून आतून आवळा, वर ओढा. पाच अंक मोजा. सोडा. तेवढाच विसावा घ्या. असे दहा वेळा. आणि दिवसातून तीनदा. श्वास कोंडू नका. मांड्या सैल ठेवा. लघवी करता करता मात्र हे करू नका. भाकरी थापताना केले, तरी शेजारणीला पत्ता लागणार नाही!

दुखले किंवा अंगावरून रक्त गेले, तर थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी फुकट होते. तिथे डॉक्टरीणबाईंना हेही विचारा.

आणि दादांनो, भरला हंडा आता तुम्ही उचला.