जाड पायांची अक्षरं

‘जरा व्हिंटेज लुक द्या’ ही मागणी डिझायनरला वरचेवर ऐकावी लागते. मग आपण जाड, चौकोनी पायांची अक्षरं उचलतो, मागे पिवळट कागद लावतो आणि अक्षरांवर ओरखडे मारतो. ओरखडे नंतर बघू. आधी ही अक्षरं इतकी जाड का झाली, ते पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत छापील अक्षर मुख्यतः हातात धरलेल्या पुस्तकासाठी घडवलं जाई. लंडनमध्ये जाहिराती वाढल्या, तेव्हा चालता चालता वाचता येईल असं अक्षर हवं झालं. 1815च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्स यांनी तिथे ‘अँटिक’ नावाची फक्त कॅपिटल अक्षरं दाखवली. टोकाच्या पट्ट्या जवळजवळ उभ्या रेषेइतक्याच जाड. यालाच आज आपण स्लॅब सेरिफ म्हणतो.

पण मोठ्या आकाराचे शिशाचे खिळे महाग आणि वजनदार होते. न्यूयॉर्कमध्ये डेरियस वेल्स यांनी 1827मध्ये यंत्राने लाकडी अक्षरं कोरायला सुरुवात केली. लाकूड हलकं आणि स्वस्त, त्यामुळे हातभर उंचीचं अक्षरही छापखान्याच्या आवाक्यात आलं. पुढे 1845मध्ये रॉबर्ट बेस्ली यांच्या ‘क्लॅरेंडन’ची इंग्लंडमध्ये नोंदणी झाली. संरक्षण तीनच वर्षांचं होतं. ते संपताच इतरांनी धडाक्याने नकला काढल्या.

जुन्या पोस्टरवर इतक्या तऱ्हेची अक्षरं का दिसतात? प्रत्येक ओळ कागदाच्या रुंदीत बसवायची असे. शब्द लांब असेल तर चिंचोळी अक्षरं, आखूड असेल तर रुंद. महत्त्वाचा शब्द सर्वांत मोठा. ‘आणि’, ‘साठी’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द तर एकाच ठोकळ्यात कोरलेले मिळत. म्हणजे ती नुसती सजावट नव्हती. आधी काय वाचायचं, याचा तो हिशेब होता.

हेच मराठीत करताना जपून. इंग्रजी अक्षर पायावर उभं असतं, आपलं शिरोरेषेला लटकतं. कान्याच्या तळाला आडवी पट्टी जोडली, तर ती शेजारच्या उकाराला आणि जोडाक्षराला धडकते. त्यापेक्षा वजन शिरोरेषेला आणि उभ्या दांड्याला द्या. आतल्या पोकळ्या मोकळ्या ठेवा. इंग्रजी पोस्टरसारख्या ओळी खेटून लावू नका; वेलांटी आणि उकार एकमेकांत अडकतील. इंग्रजी स्लॅबशी जोडी लावायची असेल, तर दोन्हींच्या उभ्या रेषांची जाडी डोळ्यांनी जुळवा.

आणि एक साधी परीक्षा. पोस्टर छापा, भिंतीला लावा, रस्ता ओलांडून पलीकडे जा. तुमच्या ग्राहकाने पैसे मोजले तो शब्द तिथून पहिल्यांदा वाचता आला, तर ओरखड्यांची गरज नाही. आला नाही, तर ओरखड्यांनीही काही होणार नाही.