चित्र हलतंय? आधी पट्टे वाचा

घरात जुना टीव्ही धूळ खात पडलाय आणि बारावी सायन्सची लेक म्हणतेय, "आई, याच्यावर मी स्वतः चित्र काढते." तिच्या हातात सर्किटचा कागद आहे. तो कसा वाचायचा, ते आज बघू.

टीव्हीचं चित्र घोंगडीसारखं ओळीओळीनं विणलं जातं. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीत एका चित्राला ६२५ ओळी, आणि सेकंदाला अशी २५ चित्रं. ओळ संपली, नवी सुरू कर, ही खूण टीव्हीला विजेच्या दाबातून कळते. शून्य व्होल्ट म्हणजे ओळीची खूण, ०.३ व्होल्ट म्हणजे काळा, १ व्होल्ट म्हणजे पांढरा.

लेकीची छोटी चिप मात्र शून्य किंवा ५ व्होल्टच देते. तो दाब उतरवायला कागदावर दोन रेझिस्टर दाखवलेत. खुणेच्या तारेत '१के', म्हणजे १००० ओहम. चित्राच्या तारेत ४७० ओहम. टीव्हीच्या आत ७५ ओहम असतातच. तिघांत दाब वाटला जातो. फक्त खुणेची तार चालू असेल तर सुमारे ०.३ व्होल्ट, दोन्ही चालू असतील तर जवळजवळ १.

बारक्या रेझिस्टरवर आकडे नसतात, रंगीत पट्टे असतात. काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. चार पट्टे असतील तर पहिले दोन आकडे, तिसरा म्हणजे पुढे किती शून्यं. सोनेरी पट्टा शेवटचा धरायचा. तपकिरी, काळा, लाल म्हणजे १०००. पिवळा, जांभळा, तपकिरी म्हणजे ४७०.

आता लालऐवजी नारिंगी लागला, तर १००० चे १०,००० होतात. काळ्याचा दाब ०.०३ व्होल्टवर येतो. खूण आणि काळा वेगळे ओळखू येत नाहीत, आणि चित्र घसरत राहतं. टीव्ही बिघडला म्हणून भंगारात घालण्याआधी उजेडात पट्टे बघा.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. तार फक्त मागच्या पिवळ्या व्हिडिओ सॉकेटमध्ये लावायची. जुन्या टीव्हीचं मागचं झाकण उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात, जिवावर बेतू शकतं.

मुलीला "हे तुझं काम नव्हे" म्हणू नका. तिच्या शेजारी बसा, रंग तुम्ही वाचा, आकडे तिला लिहू द्या.