पालकाच्या विनंतीवरून

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला महिनाभर आधीच बजावले होते की, या खेपेस मासवडी सांगायची नाही, मुलाच्या शाळेचे जे झाले ते सांगायचे. मासवडी सांगणे मला सोपे गेले असते. आपल्यापैकी पुष्कळजणींना हे प्रकरण अर्धेमुर्धे ठाऊक आहे, आणि अर्धेमुर्धे ठाऊक असलेल्या गोष्टीला पाय फुटतात. तेव्हा एकदा सगळे सांगून टाकते.

माझा धाकटा अकरा वर्षांचा आहे. त्याला स्वमग्नता आहे. बोलतो थोडे, पण आपल्या जुन्नरच्या एस.टी. स्टँडवरून कोणती गाडी किती वाजता सुटते हे कंट्रोलरआधी तो सांगतो. मोठा आवाज मात्र त्याला सोसत नाही. आपल्याला कुकरची शिट्टी जशी ऐकू येते तशी त्याला ती येत नाही, ती त्याला लागते. कान दाबून तो भिंतीला चिकटून उभा राहतो. पुण्याला तीन खेपा घालून, तपासण्या करून आम्ही त्याचा दाखला आणला, म्हणजे दिव्यांगत्वाचा. त्याची एक प्रत शाळेत प्रवेशाच्या वेळीच दिली, आणि आवाजाचे तोंडीही सांगितले. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

जानेवारीत सव्वीस तारखेच्या लेझमीची तालीम चालू होती. मुलांच्या रांगा उंचीप्रमाणे लावल्या, त्यात हा ढोलाच्या अगदी शेजारी आला. त्याने कान झाकले. शेजारच्या मुलाने, त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता, त्याचे हात ओढून खाली केले, कारण गुरुजी ओरडत होते की हात खाली. हा त्या मुलाच्या मनगटाला चावला. रक्त आले. त्या पोराला धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागले.

ते पोर आमच्याच आळीतले. त्याची आई माझ्याकडे हळदीकुंकवाला येणारी. तिचे काही चुकले असे मी तेव्हाही म्हटले नाही, आजही म्हणत नाही. माझ्या मुलाच्या हातावर दात उमटले असते, तर मीही शाळेत तरातरा गेले असते.

दुसऱ्या दिवशी शिपाईमामा निरोप घेऊन आले. हेडमास्तरांच्या खोलीत पाच-सहा माणसे बसली होती. हेडमास्तर, दोन शिक्षक, संस्थेचे एक गृहस्थ आणि त्या मुलाचे आईवडील. यजमान टोमॅटोच्या गाडीबरोबर नारायणगावला गेलेले, म्हणून मी एकटी. माझा मुलगा दाराशी उभा. मला विचारले, घरीसुद्धा चावतो का? काही वळण लावता की नाही? अशा मुलाला इथे कशाला घातले? सारे प्रश्न मलाच. तालमीत तो कुठे उभा होता, हे एकानेही विचारले नाही.

आपल्या आळ्याला रेड्याची समाधी आहे, आपण सगळ्या तिथे जाऊन आलो आहोत. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई ही चार लेकरे पैठणच्या सभेपुढे शुद्धिपत्रासाठी उभी राहिली ही गोष्ट मी आजीकडून कितीदा ऐकली असेन. लहानपणी मला त्यात रेडा वेद बोलला याचेच नवल वाटे. त्या दिवशी मात्र पहिल्यांदा मनात आले की, त्या सभेत त्यांची आई नव्हती. मी तरी होते. पण असून काय उपयोग केला? समोर एक कागद आला. "यापुढे असा प्रकार घडल्यास मी स्वखुशीने पाल्याचा दाखला काढून नेईन." मला सातवीपर्यंतचे वाचता येते, कागद तर चार ओळींचा होता. तरी न वाचता सही केली. लाजेने माणूस आंधळे होते.

फेब्रुवारीत मधल्या सुट्टीची घंटा झाली, हा धावत सुटला आणि एका गुरुजींवर आदळला. त्यांचा चष्मा फुटला. झाले! या वेळी बैठक वगैरे नाहीच. अर्ज लिहून तयार होता, माझ्या नावाने. घरगुती अडचणीमुळे मी माझ्या पाल्याचा दाखला मागत आहे, तरी मिळावा ही विनंती. फक्त सही बाकी.

मी म्हटले, यजमानांना विचारते. बायांनो, हे वाक्य आपण किती वेळा मनाविरुद्ध बोलतो! त्या दिवशी त्यानेच मला तारले. कागद पदरात धरून मी घरी आले.

शाळेत आठवड्यातून एखाद्या दिवशी विशेष शिक्षिका येतात. अशा मुलांसाठी 'समग्र शिक्षा' योजनेतून त्यांची नेमणूक होते. त्यांना मी तो कागद दाखवला. त्यांनी एकच विचारले, "घरगुती अडचण कोणती हो तुमची?" मला उत्तर येईना. मग त्यांनी समजावले, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला. त्याचे कलम 16 सांगते की, आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येणार नाही. 2019 मध्ये त्या कलमात दुरुस्ती झाली, पाचवीला आणि आठवीला नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली. पण काढून टाकण्याची मनाई तशीच राहिली. मग मुले शाळेबाहेर जातात कशी? तर अशी. शाळा काढीत नाही, आईच काढून नेते. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात लिहिले जाते, पालकाच्या विनंतीवरून. कायद्याला धक्का नाही, शाळेला डाग नाही, आणि मूल घरी. आणि हे सारे आपल्या हातच्या सहीने!

दुसरा कायदा 2016 चा, दिव्यांगांच्या हक्कांचा. 1995 च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते, स्वमग्नतेचे नाव त्यात नव्हते. नव्यात एकवीस आहेत आणि ती आहे. वाचता-लिहिता न येण्याचा जो दोष काही हुशार मुलांतही असतो, तोही आहे. तेव्हा आपल्या घरातल्या 'मठ्ठ' पोराकडे जरा निराळ्या नजरेने पाहा. शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी कराव्या, असे कलम 16 सांगते. दोन्ही कायद्यांत कलमाचा आकडा सोळाच, म्हणून मला पाठ झाला. ज्याचे दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा वर आहे, त्याला अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, म्हणजे आठवीनंतरही दार बंद नाही.

इतके असूनही एक उणीव मला जाणवली. काढू नका असे कायदा म्हणतो, पण मूल चावले, धडकले, तर बसून चौकशी कशी करावी, काय विचारावे, हे कुणी सांगितलेले नाही. माझी भाची अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिच्या शेजारच्या घरी असेच मूल आहे. तिने मोबाइलवर मला तिकडची रीत सांगितली. असल्या मुलाला शिक्षा म्हणून शाळेच्या दहा दिवसांहून अधिक बाहेर ठेवायचे ठरले, तर त्या ठरावापासून शाळेच्या दहा दिवसांत आईबाप आणि शिक्षक एकत्र बसतात. दोन प्रश्न विचारतात. हे वागणे त्याच्या अपंगत्वामुळे घडले का? आणि शाळेने त्याच्यासाठी जे करायचे कबूल केले होते, ते न केल्यामुळे घडले का? एकाचेही उत्तर 'होय' आले तर मूल परत वर्गात. हत्यार आणले, अमली पदार्थ आणले, कुणाला गंभीर इजा केली, तर मात्र शाळेच्या पंचेचाळीस दिवसांपर्यंत दुसरीकडे ठेवता येते. तिकडे सगळे सोन्याचे आहे असे भाची म्हणत नाही, आईबापांना भांडावे लागतेच. पण ते दोन प्रश्न मला फार आवडले. मी ते वहीत लिहून घेतले.

मग मी अर्ज केला, पहिल्यांदाच स्वतःच्या शब्दांत. दाखला नको, बैठक हवी. बैठकीत विशेष शिक्षिका असाव्यात आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांपैकी एक बाई असावी. या समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असतात. आपल्यातल्या कितीजणींना ठाऊक होते? माझ्या अर्जाची पोच मागितली. कारकुनाने नाराजीनेच शिक्का मारला.

बैठकीत यजमान बरोबर होते, पण बोलले मीच. दोन प्रश्न वाचून दाखवले. विशेष शिक्षिकांनी पहिल्याचे उत्तर दिले. ढोल आणि घंटा या दोन्ही वेळी कारण एकच होते. दुसऱ्यासाठी हेडमास्तरांनी फाइल मागवली. दाखल्याची प्रत त्यात होती, आवाजाबद्दलची माझी सूचना प्रवेश-अर्जाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली होती. वर्गशिक्षक जूनमध्ये बदलले होते आणि नव्यांना कुणी सांगितले नव्हते. हेडमास्तर बराच वेळ त्या पेन्सिलीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "हे आमच्याकडून राहिले." इतके सरळ बोलायला मोठे मन लागते. मी त्यांना वाईट म्हणणार नाही.

मग ठरले ते असे. घंटेच्या दोन मिनिटे आधी त्याने वर्गाबाहेर पडायचे. तालमीच्या वेळी वाचनालयाच्या खोलीत बसायचे. कान फार दुखू लागले तर बाकावर ठेवलेली लाल पट्टी वर करायची. फुटलेल्या चष्म्याचे पैसे आम्ही दिले, ते द्यायलाच हवे होते. आणि त्या दुसऱ्या आईने मागितले की, वर्षभर माझ्या मुलाच्या शेजारी याला बसवू नका. मला ते लागले. पण तिचे म्हणणे रास्त होते, आणि सर्वांनी ते मान्य केले. जून उजाडल्यावर तिचा मुलगाच आपण होऊन याच्या बाकावर येऊन बसू लागला. घोडेगावची गाडी किती वाजता, म्हणून विचारीत असतो. ती मात्र अजून माझ्याशी पूर्वीसारखी बोलत नाही. आज ती इथे बसली आहे. बाई, येत्या संक्रांतीला ये.

लाल पट्टी रोज कामी येते असे नाही. पावसाळ्यात दोनदा गडबड झाली, एकदा मला जाऊन त्याला घरी आणावे लागले. पण दाखल्याची भाषा कुणी काढली नाही. मारण्याचीही नाही, आणि कायद्याने मुलाला अंगावर मारणे किंवा मनाला लागेल असे छळणे, दोन्हीस मनाई आहेच.

शाळेने ऐकलेच नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावे. तिथेही दाद लागली नाही तर दिव्यांगांचे राज्य आयुक्त पुण्यातच आहेत. त्यांना लोकांना बोलावून चौकशी करण्याचा अधिकार आहे. मला तितके जावे लागले नाही.

माझ्या अर्जाची नक्कल, दोन्ही कलमांचा मराठी मजकूर आणि ते दोन प्रश्न मी एका फाइलीत लावून मंडळाच्या कपाटात ठेवले आहेत. किल्ली चिटणीसबाईंकडे असते. फाइल घरी न्यावी, पण नेताना वहीत नाव लिहून न्यावी, कारण पाककृतींची फाइल गेल्या वर्षी गेली ती अजून आलेली नाही.