वाखाची पकड



मातीची भिंत घालताना चिखलात गव्हाचा भुसा तुडवून घेतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. नुसती माती वाळताना भेगाळते. भुशाच्या काड्या तिला धरून ठेवतात. आज ज्या पदार्थाबद्दल मी बोलणार आहे, त्यात चिखलाच्या जागी पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून केलेलं विघटनशील प्लॅस्टिक असतं आणि भुशाच्या जागी घायपाताचा वाख. फरक एवढाच, की माती आणि काडी दोन्ही पाणी धरतात, म्हणून त्यांचं जमतं. वाखाचं आणि प्लॅस्टिकचं सहजासहजी जमत नाही.

वाखात मुख्य भाग सेल्युलोजचा. त्याच्या रेणूंवरचे हायड्रॉक्सिल गट पाणी ओढतात. शिवाय धाग्यावर पेक्टिनचं आणि मेणाचं पुट असतं. वितळलेलं प्लॅस्टिक अशा धाग्यावर नीट पसरत नाही. या मिश्रणाची पट्टी मोडून तिचा काठ सूक्ष्मदर्शकाखाली धरला की सारं कळतं. धागे तुटलेले नसतात, उपटून आलेले असतात आणि त्यांच्या जागी गोल भोकं राहिलेली असतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हळहळ वाटली. दोराला बळ देणारा हा धागा, आणि पट्टी मोडेपर्यंत त्याच्यावर पुरता भारच आला नव्हता!

उपाय जुनाच आहे. इंग्लंडच्या जॉन मर्सर यांनी सुती कापडावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून 1850 मध्ये तिचं पेटंट घेतलं. आपण वाखासाठी बरंच सौम्य, साधारण 5 टक्क्यांचं द्रावण वापरतो. मेण आणि हेमिसेल्युलोज निघून जातं, धागा खरबरीत होतो आणि प्लॅस्टिकला धरायला जागा मिळते. पण घाई नको आणि अतिरेकही नको. द्रावण तीव्र झालं किंवा धागा फार वेळ भिजला, तर सेल्युलोजच कमजोर होतं. नंतर धागा पुन्हा पुन्हा धुवायचा, कारण उरलेला सोडा प्लॅस्टिकचे रेणू तोडतो. मग खडखडीत वाळवायचा, कारण वितळताना ओलही तेच करते. हे प्लॅस्टिक साधारण 170 अंश सेल्सिअसला वितळतं आणि 200 च्या पुढे धागा करपू लागतो, म्हणजे काम करायला तेवढीच फट.

याहून घट्ट पकड हवी असेल तर सिलेनसारखी रसायनं असतात. त्यांचं एक टोक धाग्याला धरतं, दुसरं प्लॅस्टिकला. तरी माझं मत असं, की पकड हवी तेवढीच असावी. ती फार घट्ट झाली तर तडा धाग्यापाशी अडत नाही, सरळ पलीकडे जातो आणि वस्तू काचेसारखी फुटते. थोडे धागे ओढले जावेत, त्यात धक्क्याचं बळ जिरावं.

जळगावकडे केळीचा घड उतरवल्यावर खोड उरतं. त्यातूनही धागा निघतो, पण घायपाताचं प्रमाण त्याला जसंच्या तसं लावू नका; प्रत्येक धाग्याची चाचणी वेगळी. आणि सोड्याचं धुणं ओढ्यात सोडू नका. आधी ते आम्लानं उदासीन करा. नदी बिघडवून केलेली वस्तू मातीत कुजली काय आणि न कुजली काय!

प्रक्रिया जमली आहे का, हे पुन्हा मोडक्या काठावरच पाहायचं. धागा बाहेर आलेला असतो, पण आता त्याच्या अंगाला प्लॅस्टिकचे कपचे चिकटलेले दिसतात.