भूल, नळी आणि काही सेकंदांचा हिशोब

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा आजच्या भागाचा मजकूर. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, बीटेक केलेला सॉफ्टवेअरवाला आहे. त्यामुळे हा वैद्यकीय सल्ला समजू नका. भूलतज्ज्ञांशी बोलायला गेलात की काय विचारायचं ते कळावं, एवढ्यासाठी हा भाग.

लहान मुलाला पूर्ण भूल देऊन ऑपरेशन करायचं असेल, तर बऱ्याचदा श्वासनलिकेत नळी घालतात. त्याआधी अनेकदा स्नायू शिथिल करणारं औषध देतात. हे ऐकलं की आईबाबांच्या पोटात गोळा येतो. "म्हणजे तुम्ही माझ्या बाळाचा श्वास थांबवणार?" खरं उत्तर आहे, हो. आणि तरीही बऱ्याच वेळा तोच जास्त सुरक्षित रस्ता असतो. कसा, ते बघू.

आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. दाराच्या दोन फळ्याच समजा. बाहेरचं काही आत घुसायला लागलं की त्या मिटतात. भूल पुरेशी खोल नसताना नळी टेकली, तर या फळ्या गच्च बंद होतात आणि लवकर उघडतच नाहीत. याला लॅरिंगोस्पॅझम म्हणतात. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये हे जास्त होतं, नुकतीच सर्दी झालेली असेल तर आणखी जास्त.

आता हिशोब बघा. तान्ह्या बाळाला वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला साधारण 6 ते 7 मिलि ऑक्सिजन लागतो, मोठ्या माणसाला 3 ते 4. खर्च जवळजवळ दुप्पट आणि फुप्फुसातला साठा मात्र छोटा. म्हणून श्वास अडला की बाळाचा ऑक्सिजन फार पटकन खाली येतो. त्यात नवजात बाळाची श्वासनलिका जेमतेम 4 मिमी रुंद. धक्का लागून आतून सगळीकडे 1 मिमी सूज आली, तर वाट 2 मिमी उरते, म्हणजे क्षेत्रफळ थेट चौथ्या हिश्श्यावर. त्यामुळे 'परत एकदा ट्राय करू' इथे महागात पडतं. पहिल्याच प्रयत्नात नळी अलगद जायला हवी.

त्यासाठी दोन मार्ग आहेत. एक, भूलच खूप खोल करायची. सेव्होफ्लुरेनसारखा वायू किंवा प्रोपोफॉल आणि सोबत तीव्र वेदनाशामक. हे जमतं, अनेक ठिकाणी करतातही. पण डोस वाढवत नेला की रक्तदाब उतरतो, हृदयाचे ठोके मंदावू शकतात. दुसरा मार्ग म्हणजे भूल बेताची ठेवायची आणि फळ्या उघड्या ठेवायचं काम स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाला द्यायचं.

याची सुरुवात झाली कॅनडात. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणांना क्युरारे नावाचं विष लावायचे. 1942 साली मॉन्ट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी त्याचंच शुद्ध रूप ऑपरेशनमध्ये वापरलं. मग प्रश्न आला, हे औषध झोप आणतं का? 1947 मध्ये स्कॉट स्मिथ या अमेरिकी भूलतज्ज्ञाने ते जागेपणी स्वतःवरच टोचून घेतलं. बोटही हलेना, श्वासही दुसऱ्यांनी दिला, पण शुद्ध पूर्ण आणि वेदनाही जाणवत होत्या. हे लक्षात ठेवा. हे औषध भुलीची जागा घेत नाही. आधी भूल, मगच हे.

मुलांच्या बाबतीत मोठा धडा मिळाला तो सक्सिनिलकोलिनमुळे. आपल्याकडचे डॉक्टर त्याला स्कोलिन म्हणतात. मिनिटाभरात काम, काही मिनिटांत असर ओसरतो. एकदम भारी वाटतं ना? पण ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावाचा स्नायूंचा आजार असलेल्या मुलाला ते दिलं, तर रक्तातलं पोटॅशियम अचानक वाढून हृदय बंद पडू शकतं. हा आजार बहुतेक मुलग्यांना होतो आणि पहिली काही वर्षं लक्षातही येत नाही. वरून ठणठणीत मूल! असे मृत्यू नोंदले गेल्यावर 1990च्या दशकात अमेरिकेत या औषधावर ठळक इशारा आला: मुलांमध्ये शक्यतो तातडीच्या वेळीच वापरा.

ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये आता रोक्युरोनियमसारखी औषधं दिसतात. त्यांचा असर जास्त वेळ टिकतो, पण सुगामाडेक्स हे औषध रोक्युरोनियमचे रेणू पकडून तो उलटवतं. आमच्या भाषेत, रोलबॅक मिळाला. अर्थात रोलबॅक आहे म्हणून कुठेही डिप्लॉय करायचं नसतं. जन्मतः जबडा फारच लहान असेल, तर मास्कने हवा आत जाईलच याची खात्री नसते. तिथे मुलाचा स्वतःचा श्वास चालू ठेवूनच पुढे जाणं बऱ्याचदा शहाणपणाचं. श्वास थांबवायचा, तर तो आपल्याला देता येईल याचा अंदाज आधी हवा.

मग आपण काय करायचं? औषध निवडणं आपलं काम नाही, माहिती देणं आपलं आहे. मूल उशिरा चालायला लागलं का, सारखं पडतं का, मांड्यांवर हात टेकून उठतं का, पोटऱ्या जास्तच फुगीर आहेत का, हे न विचारताही सांगा. घरात कुणाला स्नायूंचा आजार किंवा भुलीचा त्रास झाला असेल तर तेही सांगा. आईकडच्या मामांची चौकशी नक्की करा, कारण ड्युशेन बऱ्याचदा आईकडून येतो. गेल्या काही आठवड्यांतली सर्दी लपवू नका. उपाशी ठेवायला सांगितलं की 'एकच बिस्किट' देऊ नका. आणि बिनधास्त विचारा: "नळी घालणार का? स्नायूंचं औषध देणार का? शेवटी त्याचा असर पूर्ण गेला हे कसं तपासता?" मनगटाजवळच्या नसेला हलके झटके देऊन ते मोजता येतं, त्यामुळे या प्रश्नाला नीट उत्तर असतं.

ज्यांच्या घरी छोटं ऑपरेशन ठरलंय, त्यांना हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात, काळजी घ्या!