‘बरे चालले आहे’ या उत्तराचा अर्थ

(सेमाडोह येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



परतवाड्याहून धारणीकडे जाताना सेमाडोह येते, तेव्हा बहुतेक प्रवाशांच्या मनात वाघ असतो. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला, त्याला आता पन्नास वर्षे उलटली. सिपना नदी, सागाचे रान, वनखात्याचे पर्यटन संकुल या सर्वांची छायाचित्रे घरोघरी पोचली आहेत. रस्त्याच्या कडेने डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चालणारी कोरकू स्त्री मात्र गाडीच्या काचेतून क्षणभर दिसते आणि मागे पडते. आजचा विषय तिच्याशी संबंधित आहे. ती आपल्या आयुष्याविषयी समाधानी आहे काय, आणि ती समाधानी असेल तर तिच्या वाट्याला आलेल्या विषमतेविषयी इतरांनी बोलण्याचे कारण उरते काय?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. समाधान मोजण्याचे शास्त्र आता जगभर रूढ झाले आहे. शून्यापासून दहापर्यंत पायऱ्या असलेल्या एका शिडीची कल्पना करायला सांगतात. सर्वांत वरच्या पायरीवर उत्तमात उत्तम आयुष्य, सर्वांत खाली वाईटात वाईट. तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? जागतिक आनंद अहवाल याच शिडीवर उभा आहे. शेतात निंदण करणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारला, तर ती प्रथम विचारणाऱ्याकडे पाहील, मग त्याच्या कपड्यांकडे आणि हातातल्या कागदाकडे. मग ‘बरे चालले आहे’ असे म्हणून पुन्हा खाली वाकेल. कागदावर एक आकडा पडेल. त्या आकड्यात नेमके काय आले, याचा विचार करणे हे आजचे काम.

तुर्कस्तानचे उदाहरण येथे उपयोगी पडते. त्या देशाची सांख्यिकी संस्था २००३ पासून जीवनसमाधानाची पाहणी करते. ‘आपण सुखी आहोत’ असे सांगणाऱ्यांचे प्रमाण तेथे सहसा पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळत आले आहे. त्याच वेळी जागतिक आर्थिक मंचाच्या स्त्री-पुरुष विषमतेच्या क्रमवारीत २०२४ साली १४६ देशांत तुर्कस्तान १२७ व्या स्थानावर होता. यावर कोणी हसण्याचे कारण नाही, कारण त्याच यादीत भारत दोन पायऱ्या खाली, १२९ व्या स्थानावर होता.

वस्तुतः तुर्कस्तानने आरंभ फार लवकर केला. मुस्तफा केमाल यांच्या राजवटीत १९२६ साली नवी नागरी संहिता आली, बहुपत्नीत्व बंद झाले. १९३४ साली स्त्रियांना संसदेसाठी मतदानाचा हक्क मिळाला. फ्रान्ससारख्या देशातील स्त्रियांना त्यासाठी १९४४ पर्यंत थांबावे लागले. तथापि त्याच संहितेत ‘पती हा कुटुंबाचा प्रमुख’ हे कलम टिकून राहिले. पत्नीने नोकरी करण्यासाठी पतीची अनुमती आवश्यक, ही तरतूद तेथील घटना न्यायालयाने १९९० साली रद्द केली आणि कुटुंबप्रमुखाचे कलम जाण्यास २००२ उजाडले. स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा जो युरोपीय करार इस्तंबूल शहराच्या नावाने ओळखला जातो, त्यातून तुर्कस्तान २०२१ साली स्वतःच बाहेर पडला. वरून दिलेला कायदा घराच्या उंबरठ्याशी कसा थांबतो, याचा हा धडा आहे. आणि एवढे असूनही तेथील स्त्री पुरुषापेक्षा अधिक सुखी असल्याचे सांगते!

भारतातही असा प्रयत्न झाला आहे. पुण्याच्या ‘दृष्टी स्त्री अध्ययन प्रबोधन केंद्रा’ने देशभरातील त्रेचाळीस हजारांहून अधिक स्त्रियांशी बोलून तयार केलेला अहवाल सप्टेंबर २०१९ मध्ये नवी दिल्ली येथे सरसंघचालक मोहनजी भागवत यांच्या हस्ते प्रकाशित झाला. बहुसंख्य स्त्रियांनी आपले समाधान उच्च पातळीचे असल्याचे सांगितले. त्यातही विवाहित स्त्रियांत ते अधिक आढळले. त्या निष्कर्षाची वृत्तपत्रांत पुष्कळ चर्चा झाली. काहींना तो कुटुंबसंस्थेचा विजय वाटला, काहींनी त्याची टिंगल केली. दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या होत्या. कुटुंबाचा आधार ही स्त्रीच्या समाधानातील मोठी गोष्ट आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या बाईच्या मागे कोणी नाही, तिला हे सर्वांत चांगले ठाऊक असते. परंतु समाधानाचे प्रमाण मोठे निघाले म्हणजे अन्याय संपला, असा निष्कर्ष त्यातून काढणे हे त्या आकड्यांकडून नको ते काम करून घेणे होय.

हे स्पष्ट करणारे एक जुने उदाहरण अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन वारंवार देत आले आहेत. त्यांच्या इतर मतांविषयी अनेकांचे अनेक आक्षेप असतील. हे उदाहरण मात्र प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे असे आहे. बंगालच्या भीषण दुष्काळानंतरच्या वर्षी, १९४४ साली, कलकत्त्याजवळ सिंगूर येथे अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेने पाहणी केली. विधुर आणि विधवा, दोघांनाही प्रकृती कशी आहे असे विचारले. आपण आजारी आहोत किंवा प्रकृती यथातथा आहे, असे सांगणारे विधुर ४८.५ टक्के निघाले. तेच सांगणाऱ्या विधवा होत्या अवघ्या २.५ टक्के! बंगालमधील विधवेचे त्या काळचे जिणे, तिचे अन्न, तिचे उपवास ज्यांना माहीत आहेत, त्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. तिची प्रकृती उत्तम होती असे नव्हे. आपल्या प्रकृतीविषयी तक्रार करता येते, तिला काही किंमत आहे, हेच तिला कधी कोणी सांगितलेले नव्हते. शरीर दुखत होते, पण ते दुखणे सांगण्याजोगे वाटत नव्हते.

आता मेळघाटकडे वळू. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शहरातून येणारा माणूस कोरकू समाजाकडे पाहतो तो दया करण्याच्या तयारीने. पण स्त्रीच्या बाबतीत या समाजाने मैदानी गावांना चार गोष्टी शिकवाव्यात अशी स्थिती आहे. येथे हुंडा नाही. विवाहात वरपक्षच वधूच्या पित्याला देज देतो. देज देण्याची ऐपत नसलेल्या तरुणाने सासऱ्याच्या घरी काही वर्षे राबून ते फेडण्याची ‘लमझना’ची रीत जुन्या काळापासून नोंदलेली आहे. विधवेचा पुनर्विवाह येथे सुधारणेचा विषय कधी झालाच नाही, तो होताच. अमरावती-अकोल्याच्या पांढरपेशा समाजाला त्यासाठी शंभर वर्षे वाद घालावे लागले. मुलगी जन्मली म्हणून सुतक पाळल्यासारखे तोंड करण्याची प्रथा येथे नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील अनुसूचित जमातींमध्ये दर हजार पुरुषांमागे ९९० स्त्रिया होत्या, संपूर्ण देशात ९४३, आणि प्रगत म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात ९२९. सोनोग्राफीच्या यंत्राने मुलगी वजा करण्याची विद्या सुशिक्षितांची आहे, ती जंगलातून आलेली नाही.

म्हणून कोरकू स्त्री ‘बरे चालले आहे’ म्हणते, तेव्हा त्यात काही अंशी सत्य आहे. होळीच्या दिवसांत कामासाठी खाली गेलेली माणसे गावात परततात, ढोल वाजतो, बायका फगवा मागायला रस्त्यावर येतात. तो आनंद कोणत्याही शिडीच्या दहाव्या पायरीचा असतो आणि त्याला खोटे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु देजाला दुसरी बाजूही आहे. ज्या स्त्रीसाठी मोल मोजले गेले, तिच्या श्रमावर आपला हक्क आहे असे सासरला वाटू लागते. आणि श्रम किती? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणारी भारतीय स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देते, तर घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटे. हा सरासरी आकडा आहे. ज्या गावात उन्हाळ्यात विहीर आटते, हातपंपाला पाणी येत नाही आणि टँकरच्या वाटेकडे डोळे लागतात, तेथे त्या मिनिटांत किती भर पडते हे सांगायला सांख्यिकी लागत नाही. चिखलदऱ्याला विदर्भात सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांत गणतात, आणि त्याच तालुक्यातील बाई वैशाखात हंडा घेऊन उतार उतरते. पाणी आणि सरपण ही दोन कामे कोणत्याही पाड्यावर पुरुषाची मानली जात नाहीत.

शरीराचा हिशेब याहून कठोर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. मेळघाटचे नाव १९९३ पासून बालमृत्यू आणि कुपोषणासाठी देशभर गाजते आहे. न्यायालयात याचिका झाल्या, समित्या आल्या, मंत्री आले, गाड्यांचे ताफे आले. त्या सगळ्या गदारोळात बालकाचे वजन मोजले गेले; आईचे वजन मोजण्याची आठवण फार उशिरा झाली. लहान वयात लग्न, लहान वयात पहिले बाळंतपण, दिवस भरेपर्यंत मजुरी आणि घरात सर्वांत शेवटी जेवण, या क्रमातून कमी वजनाचे मूल जन्माला येते. बैरागड येथे १९८० च्या दशकापासून राहणारे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे (दोघांनाही २०१९ साली पद्मश्री मिळाली), उतावली येथे ‘महान’ संस्था चालवणारे डॉ. आशिष सातव, या सर्वांच्या कामातून एकच गोष्ट पुढे येते : गावातल्याच बाईला शिकवून उभे केले की तिचे ऐकले जाते. बाहेरच्या डॉक्टरला न सांगितलेले दुखणे ती शेजारणीला सांगते. सिंगूरच्या विधवेला अशी शेजारीण मिळाली असती, तर तो २.५ चा आकडा तसा राहिला नसता.

यानंतर जमिनीचा प्रश्न येतो, आणि खरी ग्यानबाची मेख येथे आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याने अमरावतीच्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत भावाबरोबरीचा वाटा दिला; महाराष्ट्राने १९९४ मध्ये, देशाने २००५ मध्ये. पण त्या कायद्याच्या कलम २ (२) नुसार तो अनुसूचित जमातींना, केंद्राने अधिसूचना काढल्याखेरीज, लागू होत नाही. म्हणजे सेमाडोहची मुलगी रूढीच्या स्वाधीन. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात, स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना तिचा वाटा नाकारणे हे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असा निर्णय दिला. निर्णय मोलाचा आहे. पण दिल्लीतला निर्णय तलाठ्याच्या दप्तरापर्यंत पोचायला मध्ये पुष्कळ घाट ओलांडावे लागतात.

वनहक्काची गोष्ट त्या मानाने जवळची आहे. २००६ च्या कायद्यात विवाहितांच्या बाबतीत वनहक्काचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा, असे स्पष्ट म्हटले आहे. ग्रामसभेच्या बैठकीस उपस्थितांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे नियम सांगतो. पट्ट्यावर नाव आहे हे अनेक स्त्रियांना माहीतच नसते, कारण कागद पेटीत आणि पेटीची किल्ली दुसऱ्याकडे. आणि ग्रामसभेत संख्या भरण्यापुरते बायकांना बोलावून अंगठे घेण्याची चलाखी मैदानी गावांनी कधीच शिकून घेतली होती. ती आता डोंगरही चढू लागली आहे.

शिक्षण आणि अधिकारपद मिळाले की सर्व प्रश्न मिटतात, अशीही समजूत कोणी करून घेऊ नये. सेमाडोहपासून जवळच, हरिसाल येथे, मार्च २०२१ मध्ये एका तरुण महिला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने आपले जीवन संपवले आणि वरिष्ठांकडून झालेल्या छळाविषयी लिहून ठेवले. गणवेश होता, हुद्दा होता. ऐकणारे कोणी नव्हते.

याउलट चित्रही याच डोंगरात आहे. लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने १९९० च्या दशकात ‘संपूर्ण बांबू केंद्र’ उभे केले. सुनीलजी २०२१ च्या कोरोना साथीत गेले. बांबूच्या कामातून येथील बाईच्या हाती स्वतःच्या कसबाचा पैसा आला, ही गोष्ट आकड्याने लहान वाटेल. पण ज्या घरात दिवाळीनंतर सामान बांधून, लेकरे काखेला घेऊन हरभऱ्याच्या कापणीला किंवा वीटभट्टीवर जायचे एवढीच वाट होती, तेथे गावात राहून कमावण्याची वाट उघडणे म्हणजे मुलीची शाळा न सुटणे.

शेतीच्या कागदाबाबतही महाराष्ट्राने एकदा धाडस केले होते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८९-९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि शेकडो गावांतील शेतकऱ्यांनी जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे केला. अनुदान नव्हते, सक्ती नव्हती. नवऱ्याने स्वतःहून दिलेला तो वाटा होता. ही मोहीम मैदानात जशी फिरली, तशी डोंगरात फिरली नाही.

तेव्हा पाड्यावर जाणाऱ्या कार्यकर्तीने ‘ताई, सुखी आहात ना?’ असे विचारण्यात वेळ घालवू नये. त्या प्रश्नाला मानी बाई एकच उत्तर देते, आणि ते पाहुण्याच्या मानासाठी असते. काल रात्री सर्वांत शेवटी कोण जेवले आणि तोवर भांड्यात काय उरले होते, हे विचारावे. गेल्या बाळंतपणानंतर कितव्या दिवशी कामावर गेलात, मोहाच्या आणि तेंदूपत्त्याच्या मजुरीचे पैसे कोणाच्या खात्यात जमा होतात, पासबुक कोण वाचते, हे विचारावे. आणि घरात वनहक्काचा पट्टा असेल, तर तो पेटीतून बाहेर काढून त्यावरची दोन्ही नावे तिला मोठ्याने वाचून दाखवावीत. दुसरे नाव नसेल, तर त्याच दिवशी ग्रामसभेच्या नावाने अर्ज लिहायला बसावे.