जुना तराजू आणि खरे माप



खालापूर तालुक्यातील साजगाव म्हटले की कार्तिकी एकादशीची यात्रा डोळ्यांपुढे उभी राहते. धाकटी पंढरी म्हणून या स्थानाचा लौकिक आहे. यात्रेत भरणाऱ्या सुक्या मासळीच्या बाजारामुळे येथील देवाला लोक प्रेमाने ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. मिरचीच्या व्यापारानिमित्त तुकाराम महाराज या मुलखात येत असत, असे येथे सांगितले जाते. देवाच्या दारी तागडी धरणाऱ्या या गावाला खऱ्या मापाचे मोल निराळे सांगावयास नको.

यात्रेतील तराजू ग्रॅमची भाषा बोलतो, तर प्रयोगशाळेतील तराजू मिलिग्रॅमची. शाळा, मातीपरीक्षण केंद्रे आणि लहान रासायनिक उद्योग यांना अशा तराजूची गरज असते. नवा तराजू परवडत नाही म्हणून अनेक जण इंटरनेटवरून जुना तराजू मागवितात. ही काटकसर गैर नाही. परंतु केवळ छायाचित्रावर विसंबून केलेली खरेदी महाग पडू शकते. बिघडलेला तराजू गप्प बसत नाही; तो चुकीचा आकडाही तितक्याच ठामपणे दाखवितो. मातीच्या तपासणीत अशी चूक शिरली, तर तिचा भुर्दंड अखेर शेतकऱ्याला सोसावा लागतो.

जुन्या दोन पारड्यांच्या तराजूत वस्तूची तुलना वजनांशी होत असे. म्हणून तो कोठेही नेला तरी माप बदलत नसे. आजचा इलेक्ट्रॉनिक तराजू मात्र वस्तूचा खाली पडणारा भार मोजतो, आणि हा भार स्थळानुसार बदलतो. लंडनला जुळविलेला तराजू मुंबईच्या परिसरात तसाच वापरला, तर १०० ग्रॅमच्या वजनाला तो सुमारे पाव ग्रॅम कमी दाखवील. साजगावला जुळविलेला तराजू बोरघाट चढून खंडाळ्यास नेला, तरी १०० ग्रॅममागे काही मिलिग्रॅमांचा फरक पडतो. यास्तव तराजू जेथे वापरावयाचा, तेथेच त्याचे अंशशोधन झाले पाहिजे.

खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून कमाल क्षमता, लघुत्तम माप, अनुक्रमांक आणि अंशशोधनाचे अलीकडील प्रमाणपत्र मागावे. तराजू चालू असतानाचे चित्रीकरणही पाहावे. एकच वजन दहा वेळा ठेवले असता आकडा स्थिर राहतो काय, आणि तेच वजन पारड्याच्या मध्यावर व चारही बाजूंस ठेवले असता फरक पडतो काय, या दोन कसोट्यांतून बरेच काही कळते. सुटे भाग मिळतात की नाही, याचीही चौकशी आधीच करावी. वाहतुकीतील धक्क्याने आतील नाजूक यंत्रणा दुखावते. म्हणून मूळ बांधणीचा व वाहतूक-खिळीचा आग्रह धरावा. तराजू आल्यावर तो दगडी ओट्यावर, वाऱ्यापासून दूर, पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणून ठेवावा, आणि पुरेसा तापू देऊन मगच वापरावा. येथील पावसाळ्यातील दमटपणाही ध्यानी घ्यावा.

कायद्याची बाजूही महत्त्वाची आहे. वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०११ पासून अंमलात आहे. खरेदीविक्रीच्या व्यवहारात वापरावयाच्या तराजूची पडताळणी व मुद्रांकन आवश्यक असते, आणि दुरुस्ती परवानाधारकाकडूनच करून घ्यावी लागते. केवळ प्रयोगासाठी वापरावयाच्या तराजूलाही विश्वासार्ह अंशशोधन हवेच. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये व्यावसायिक विक्रेत्यावर जबाबदाऱ्या आहेत. परंतु स्वतःची जुनी वस्तू क्वचित विकणाऱ्या खाजगी व्यक्तीला हे नियम लागू होत नाहीत. म्हणून पावती व परत घेण्याच्या अटी लेखी असाव्यात. व्यावसायिक विक्रेत्याविरुद्ध तक्रार असल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकाचा आधार घेता येतो.

अंशशोधनाचा व दुरुस्तीचा खर्च किमतीत मिळवून मगच स्वस्त-महाग ठरवावे. विद्यार्थ्याच्या हाती दिलेला तराजू खरा असेल, तर तो विज्ञानाबरोबर सचोटीचाही पाठ देतो. आणि तो खोटा असेल, तर शिक्षकाचे सारे शिकविणे वाया जाते.